पनीरमधली गोळी

शेवंती मागच्या पायाने कान खाजवायला लागली की तिचा घोटा लादीवर आपटायचा. टक टक टक टक. दिवसाच्या गडबडीत तो आवाज कानावर यायचा नाही. रात्री दोन-अडीचला हॉलमधून सुरू झाला की मात्र आमच्या ठाण्यातल्या छोट्या घरात सगळे जागे व्हायचे. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसायचे. कानाला हात लावला तर तो तापलेला, आतली कातडी लाल आणि जाड झालेली. ती माझ्या तळव्यावर डोकं दाबून धरायची, कण्हायची. हात काढला की परत टक टक टक.

शेवंती देशी कुत्री आहे. चार महिन्यांची असताना एका चिकनच्या दुकानाबाहेर लेकीला सापडली. रंग पिवळसर, वजन १६ किलो, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालेलं, लसी वेळेवर. तीन वर्षांची होईपर्यंत कधी आजारी पडली नाही. जुलै २०२२ मध्ये पहिल्यांदा कान बिघडला. पावसाळ्यात व्हायचंच, म्हणून थेंब घातले. बरा झाला, तीन आठवड्यांनी परत बिघडला. मग पंजे सुरू झाले. पुढच्या पंजांच्या बोटांमधले पांढरे केस गंज चढल्यासारखे तांबूस दिसायला लागले. सतत चाटल्यावर लाळेतल्या रंगद्रव्याने ते तसे होतात, हे मला नंतर कळलं. वास मात्र लगेच कळायचा. ओलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं की येतो, तसा आंबूस. खाजेची गोळी द्यायची, आठवडा बरा जायचा, गोळी थांबली की पुन्हा तेच. गोळी ती नुसती घ्यायची नाही. पनीरच्या तुकड्यात दडवून दिली की गपकन गिळायची.

ऑक्टोबर संपत आला, ऊन कडक झालं, आणि खाज तशीच राहिली. आता पावसाला दोष देणं बंद केलं.

जो भेटेल तो सांगायचा, चिकन बंद करा. कुत्र्यांना चिकनची ॲलर्जी असते. मीही ते खरं धरून चालले. डॉग फूडच्या दुकानात गेले आणि ‘चिकन नको’ म्हणून सांगितलं. दुकानदाराने मेंढीचं चित्र असलेली पिशवी काढून दिली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लॅम्ब आणि राइस. घरी आल्यावर मागची बारीक अक्षरं मोबाइलने फोटो काढून, मोठी करून वाचली. लॅम्ब होतं. तांदूळ होता. तिसऱ्या क्रमांकावर पोल्ट्री मील होतं, त्याच्या पुढे चिकन फॅट. म्हणजे मेंढीच्या नावाखाली मी कोंबडीच घेऊन आले होते.

त्या रात्रीपासून मी लेबलं वाचायला शिकले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण ते वजन शिजवण्याआधीचं असतं. ताज्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यामुळे ‘ताजं चिकन’ यादीत पहिलं दिसतं, आणि पाणी उडून गेल्यावर तयार दाण्यांत त्याचा वाटा बराच कमी उरतो. एकच घटक तीन नावांनी येतो. वाटाणा, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचं प्रोटीन असे तुकडे केले की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो आणि मांस वर दिसत राहतं. ‘मीट अँड ॲनिमल डेरिव्हेटिव्ह्ज’ असं लिहिलं असेल तर त्यात कोणता प्राणी आहे ते कळायला मार्ग नाही. ‘नॅचरल फ्लेवर’ या दोन शब्दांमागे बरेचदा कोंबडीचं यकृत असतं. दाण्यांवर चवीसाठी जो थर मारतात, तो त्याचा असू शकतो. आणि ज्या शब्दांवर भिस्त ठेवून आपण दुप्पट पैसे मोजतो, ते ‘लिमिटेड इन्ग्रेडियंट’ (मोजके घटक) किंवा ‘हायपोॲलर्जेनिक’ (ॲलर्जी होण्याची शक्यता कमी), त्यांना कायद्याची ठरलेली व्याख्याच नाही. दुकानात मिळणाऱ्या अशा साध्या पिशव्यांवर ते शब्द कुणीही छापू शकतं.

ग्रेन फ्रीचंही तसंच. धान्य काढलं म्हणजे खाज जाणार, असं मला दोघांनी छातीठोकपणे सांगितलं. पण ॲलर्जी प्रथिनांची असते, आणि कुत्र्यांना त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः प्राण्यांची असतात. धान्याऐवजी वाटाणा, मसूर, बटाटा भरलेल्या खाण्यांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये सुरू केली होती. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. कारण नसताना मी त्या वाटेला गेले नाही.

शेवटी नोव्हेंबरमध्ये सामन मासा आणि बटाटा एवढंच असलेली एक महागडी पिशवी आणली. मासे आमच्या घरात शिजत नाहीत, म्हणजे शेवंतीने ते खाल्लेले नसणार, असा माझा हिशेब. सहा आठवडे ते दिलं. खाज थोडी कमी झाली आणि तिथेच अडकली. मी मनाशी ठरवून टाकलं की हिला माशाचंही वावडं आहे. आता राहिलं काय? रात्री मोबाइलवर ससा, बदक, डुक्कर असं शोधत बसायचे आणि डोळे भरून यायचे.

डिसेंबरच्या शेवटी एका ओळखीच्यांनी त्वचेचं काम जास्त बघणाऱ्या डॉक्टर बाई सुचवल्या. त्यांनी पहिला अर्धा तास खाण्याचा विषयच काढला नाही. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाजवळचे केस विंचरून पिसवांची घाण आहे का ते बघितलं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घातली, खरजेचे किडे नाहीत याची खात्री केली. पारदर्शक चिकटपट्टी पंजाच्या बोटांमध्ये दाबून काढली, निळ्या रंगात बुडवली आणि मला भिंगातून बघायला लावलं. जांभळट, शेंगदाण्याच्या शेंगेसारखे दिसणारे कण होते, ढिगाने. यीस्ट. तो आंबूस वास त्याचाच होता. “ॲलर्जी आगीच्या जागी धरा,” त्या म्हणाल्या, “आणि हे तिच्यावर ओतलेलं रॉकेल. आधी रॉकेल बंद करू. नाहीतर तुम्ही जगातलं सगळ्यात चांगलं खाणं दिलंत तरी ही खाजवत राहील आणि तुम्ही म्हणाल, खाणं लागू पडलं नाही.”

माझ्याकडे कुठल्याशा लॅबचं पत्रक होतं. रक्त द्या, शंभर पदार्थांची ॲलर्जी कळेल, असं काहीतरी. मी ते पुढे केलं. त्यांनी शांतपणे परत दिलं. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताची किंवा लाळेची तपासणी भरवशाची नाही, म्हणाल्या. केस आणि लाळ पाठवून ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्यांची संशोधकांनी परीक्षा घेतली, तेव्हा कृत्रिम केस पाठवले तरी ॲलर्जींची यादी छापून आली होती. त्या दिवशी माझे काही हजार वाचले.

मग त्यांनी विचारलं, “सामनच्या सहा आठवड्यांत हिच्या तोंडात दुसरं काही गेलं का?”

मी ठामपणे नाही म्हटलं.

त्यांनी ड्रॉवरमधून चार कोरे कागद काढले. “घरातल्या प्रत्येकाला एकेक द्या. कुणी कुणाचं बघायचं नाही. दिवसभरात काय काय देता ते लिहा. रागावायचं नाही, हे आधीच सांगा.”

ते चार कागद माझ्याकडे अजून आहेत. लेकीने लिहिलं होतं, ‘डब्यात उरलेली बिस्किटं, कधीकधी चीजचा तुकडा.’ सासूबाईंनी लिहिलं होतं, ‘मी काही देत नाही. पण बाल्कनीत कावळ्यांना दहीभात ठेवते तो तीच खाते.’ नवऱ्याचा कागद कोराच आला, आणि नंतर आठवून त्याने ‘चहातली साय’ असं लिहिलं. बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कागद सगळ्यात भरलेला होता. बाबा ७६ वर्षांचे. बँकेत सगळी नोकरी गेली, अक्षर अजून मोत्यासारखं. ‘सकाळी ७: पोळीचा तुकडा, तूप लावून. ११: ताकातली पोळी, दोन चमचे. दुपारी जेवताना: जे असेल ते, लहान घास. संध्याकाळी फिरायला: दोन बिस्किटं (वॉचमनही देतो). रात्री: दुधात भिजवलेली पोळी, अर्धी वाटी.’ खाली सही केली होती.

“मला वाटलं एवढ्याशानं काय होतंय,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. मी रागावले नाही. रागावण्यासारखं काही नव्हतंच. ज्या माणसाने सगळं खरं लिहून खाली सही केली, त्याच्यामुळेच पुढचं सगळं शक्य झालं. आणि सामनला मी उगाच दोष दिला होता हेही त्या कागदाने दाखवून दिलं. तिने फक्त सामन खाल्लंच नव्हतं.

डॉक्टरांनी मग परीक्षेची पद्धत समजावली. काही आठवडे असं खाणं द्यायचं, ज्यातलं प्रथिन तिच्या शरीराला ओळखीचं नाही. दुसरं काही म्हणजे काही नाही. बरी झाली की जुना एकेक पदार्थ परत देऊन बघायचा. बिघडली तर तो पदार्थ दोषी. या दुसऱ्या अर्ध्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

ओळखीचं नसलेलं प्रथिन निवडताना पुन्हा अडलं. बकऱ्याचं मटण? खालच्या मजल्यावरचे लोक तिला हाडं घालतात. शिवाय गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या प्रथिनांत साम्य असतं. दूध बाधत असेल तर मटणही बाधू शकतं. बदक घ्यावं तर ते कोंबडीच्या जवळचं. बाजारातून मासे आणून भाताबरोबर उकडून द्यावेत, तर पहिले चार महिने ती रस्त्यावर होती. तेव्हा काय काय खाल्लं कुणाला ठाऊक? घरात जन्मलेल्या कुत्र्याचा इतिहास सांगता येतो, देशी पिल्लाचा नाही. आणि नुसत्या मासे-भातात कॅल्शियमसारख्या बऱ्याच गोष्टी कमी पडतात. मोठ्या कुत्र्याला दोन महिने ते चालतं, कायमचं चालत नाही, आणि वाढत्या पिल्लाला तर द्यायचंच नाही. दुकानातल्या मोजक्या घटकांच्या खाण्याबद्दलही त्या सावध होत्या. एकाच कारखान्यात एकामागून एक वेगवेगळी खाणी बनतात. २०१३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशी १२ खाणी तपासली, तेव्हा त्यातल्या १० मध्ये लेबलवर नसलेल्या प्राण्यांचे अंश सापडले होते. रोजच्या जेवणासाठी अशी पिशवी चालेल, निदानासाठी नको, असं त्यांचं मत पडलं.

म्हणून आम्ही हायड्रोलाइज्ड खाणं घेतलं. यातलं प्रथिन आधीच बारीक तोडलेलं असतं. मण्यांची लांब माळ शरीर ओळखतं. तीच तोडून दोन-चार मण्यांचे तुकडे केले की बहुतेक वेळा ओळखत नाही, इतकं मला समजलं. वेगवेगळ्या कंपन्या सोया, कोंबडीचं यकृत, मासळी यांपासून ते करतात. आम्ही मासळीचं निवडलं. १६ किलोच्या, ऑपरेशन झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण ९०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे हे दाणे रोज सुमारे २३० ग्रॅम, महिन्याला सात किलो. खर्च नेहमीच्या तिपटीहून जास्त होता. दोनच महिन्यांचा आहे, असं म्हणून आम्ही तो सोसला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी १६ जानेवारी २०२३ ला सुरुवात केली. पावसाळा नको, फटाक्यांची दिवाळी नको, म्हणून हे दिवस बरे पडले. यीस्टसाठी आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, दहा मिनिटं फेस अंगावर ठेवून. कानासाठी वेगळे थेंब. गोचिडांची चघळायची गोळी बंद केली, कारण तशा गोळ्यांना मांसाची चव असते. त्याऐवजी मानेवर टाकायचं औषध आणलं. मला ही गोष्ट स्वतःहून कधीच सुचली नसती. जंतांच्या गोळीचं तेच. खाजेची गोळी पहिले काही दिवस द्यायची होती, पण पनीरमधून नाही. दाणे कोमट पाण्यात भिजवून, त्यांचा लाडू वळून त्यात गोळी घालायची. पहिले दोन दिवस तिने लाडू चघळून गोळी बाहेर ठेवली. तिसऱ्या दिवशी भुकेने गिळली.

बक्षीस म्हणूनही तेच दाणे. सकाळी २३० ग्रॅम वजन करायचं, त्यातले तीस-चाळीस दाणे एका डबीत काढायचे आणि ती डबी बाबांकडे द्यायची. सात वाजता, अकरा वाजता, संध्याकाळी, बाबा त्यातूनच द्यायचे. कावळ्यांचा दहीभात सासूबाईंनी गच्चीवर नेऊन ठेवायला सुरुवात केली. गुडघे दुखत असताना दोन जिने चढून. पट्ट्याला लेकीने पुठ्ठ्याची पाटी बांधली, ‘मला औषध चालू आहे, खायला देऊ नका’, मराठीत आणि हिंदीत. वॉचमनकाकांनी ती मनावर घेतली आणि मुलांना हाकलायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. फिरताना तोंडाला जाळीचं मझल घालावं लागलं, कारण रस्त्यावरचं उचलायची तिची सवय जात नाही. लोक बघायचे, चावरी आहे का विचारायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण मझल काढलं नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात लेक खाजेला गुण लिहायची. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाताना-झोपतानाही थांबत नाही. जानेवारीची सुरुवात आठने झाली. गोळी चालू होती तेव्हा तीन, थांबवल्यावर परत सहा. त्या सहाने मी खचले. डॉक्टर म्हणाल्या, “कॅलेंडर उलटू नका, फक्त पुढे लिहीत राहा.” खाण्याची ॲलर्जी असलेल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत पाच आठवड्यांत फरक दिसतो, पण नव्वदच्या पुढे जायला आठ आठवडे लागतात. म्हणून आठच्या आधी निकाल लावायचा नाही, हा नियम होता. पाच, पाच, सहा, चार. चौथ्या आठवड्यात एकदा एकदम सात. चौकशी केली तेव्हा कळलं की पाहुण्यांच्या लहान मुलाने तिच्याबरोबर पेढा वाटून खाल्ला होता. त्या आठवड्याच्या चौकोनात लेकीने लाल पेनने ‘पेढा’ लिहिलं, आणि आम्ही पुढे गेलो. त्या शब्दाकडे मी तेव्हा नीट बघितलं असतं तर!

सहाव्या आठवड्यात एका रात्री मला अचानक जाग आली. अडीच वाजले होते. काही ऐकू येत नव्हतं. घाबरून हॉलमध्ये गेले. शेवंती पाठीवर उताणी पडून, चारही पाय वर, तोंड उघडं टाकून घोरत होती. मी तिथेच लादीवर बसले. कानाला हात लावला. थंड होता.

होळीला घरात पुरणपोळी झाली, दूध आणि तुपाचा वास सगळीकडे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पंजे जोडून बसली. बाबा पानावरून उठून डबीतले दहा दाणे तिला देऊन आले आणि मग जेवले. १३ मार्चला आठ आठवडे पूर्ण झाले. त्या दिवशीचा गुण दीड. अर्धा गुण लेकीने स्वतःच्या मनाने दिला होता.

आता परीक्षेचा दुसरा भाग, आणि इथे मी अडले. बरं झालेलं लेकरू मुद्दाम परत आजारी पाडायचं? हेच खाणं कायम चालू ठेवूया, असं मी डॉक्टरांना म्हणाले. त्या म्हणाल्या, “ठेवा. पण मग तिला कशाचा त्रास होता ते कधीच कळणार नाही. कदाचित खाण्याचा नव्हताच, शाम्पूनेच बरी झाली असेल. आणि पुढची दहा वर्षं तुम्ही तिला शंभर गोष्टींपासून राखत बसाल, त्यातली एकच खरी असेल.” खाण्याची ॲलर्जी असली तर नव्वद टक्क्यांहून जास्त कुत्र्यांत त्रास चौदा दिवसांच्या आत परततो, आणि पदार्थ थांबवला की ओसरतो. म्हणून प्रत्येक पदार्थाला चौदा दिवस.

पहिला आरोपी चिकन. सगळ्यांचा, माझाही, त्याच्यावरच संशय. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं, रोज चार-पाच तुकडे, दाण्यांवर घालून. ते उकडायला मी वेगळं पातेलं आणलं आणि गॅलरीत छोटी शेगडी मांडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दार लोटून घ्यायच्या. पहिल्या रात्री मी जागीच होते. दुसऱ्याही. आठवडा गेला. मध्ये गुढीपाडवा झाला, २२ मार्चला, श्रीखंडाचा डबा तिच्यापासून उंच ठेवला. चौदाव्या दिवशी कान तपासले, पंजे तपासले, बोटं फाकवून नाक लावून वास घेतला. काही नाही. चिकनचा दोष नव्हता. सहा महिने आम्ही ज्याला धरून बसलो होतो तो निर्दोष निघाला.

आठवडाभर विश्रांती देऊन ३ एप्रिलला दूध-दही सुरू केलं. सकाळी दोन चमचे दही, संध्याकाळी दोन चमचे दूध. सोमवार, मंगळवार काही नाही. बुधवारी संध्याकाळी ती पुढचा पंजा चाटत बसली. आम्ही सगळे हातातली कामं टाकून तिच्याकडे बघत होतो. रात्री उजवा कान गरम. गुरुवारी, हनुमान जयंतीच्या पहाटे, टक टक टक टक.

मी उठून बसले आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यासमोर आली ती पनीरची फोड. सहा महिने मी तिला खाजेची गोळी दुधाच्या पदार्थात घालून देत होते. माझ्या हाताने, मोठ्या फोडीत, गोळी नीट झाकली जावी म्हणून. बाबांचं ताक, दूध, तूप, सासूबाईंचं दही, नवऱ्याची साय, लेकीचं चीज, पेढा, आणि माझं पनीर. त्या चार कागदांबरोबर पाचवा मी स्वतः लिहायला हवा होता, तो लिहिलाच नव्हता. औषधाला मी खाणं धरलंच नव्हतं.

दही-दूध त्याच दिवशी थांबवलं. चार दिवस खाजेची गोळी द्यावी लागली, लाडूतून. दहा-बारा दिवसांत कॅलेंडर परत दोनवर आलं. दुधाने कुत्र्यांचं पोट बिघडतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती दुधातली साखर न पचण्याची गोष्ट. शेवंतीचं पोट कधी बिघडलंच नव्हतं, म्हणून आमचा दुधावर संशय गेला नाही. हिचं वैर दुधातल्या प्रथिनांशी, आणि ते कातडीवर दिसतं. २०१६ मध्ये तिघा तज्ज्ञांनी जगभरातली खाण्याची ॲलर्जी सिद्ध झालेली २९७ कुत्री मोजली, त्यात बीफ ३४ टक्के, दूध १७, चिकन १५, गहू १३ असा क्रम लागला. चिकनच्या वर दूध आहे, हे मी आधी वाचलेलंही होतं. पण ती यादी परदेशातल्या कुत्र्यांच्या भांड्यातून आलेली आहे. बीफ तिथे रोज पडतं म्हणून वर. आपल्याकडे कुत्र्याच्या वाटीत रोज पडतं ते दूध-पोळी. मला वाटतं, आपण संशयाची यादी करताना दुकानातल्या पिशवीपासून सुरुवात न करता त्या वाटीपासून करायला हवी.

१ मेपासून गहू. कोरडी पोळी, तुपाशिवाय, कणीक मळताना दुधाचा हात न लावता. हे काम बाबांनी मागून घेतलं. रोज सकाळी सात वाजता ते एक चतकोर बाजूला काढायचे, चष्मा लावून त्याला तूप लागलेलं नाही ना ते उजेडात धरून बघायचे, फुंकर मारायचे आणि मग द्यायचे. चौदा दिवस. पंधराव्या दिवशी मी कान बघून “बाबा, गहू चालतोय” म्हटलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी अजून एक चतकोर मोडला.

मग राहिलं रोजचं खाणं निवडणं, आणि ते आता फार सोपं झालं होतं. ससा नको, हरीण नको, सातासमुद्रापारचा सामन नको. साधं चिकन आणि तांदळाचं एक डॉग फूड घेतलं, फक्त त्यात दुधाची पावडर, व्हे, चीज, केसिन असं दुधातलं काही नाही, आणि ‘ॲनिमल’ असा मोघम शब्द कुठे नाही, एवढं बघून. बीफ आम्ही कायमचं टाळतो, गाईच्या मांसातली आणि दुधातली प्रथिनं एकमेकांच्या नात्यातली असल्यामुळे. बीफच्या चवीच्या चघळायच्या गोळ्याही नाहीत. मटण तपासायचं अजून ठरवलेलं नाही. घाई नाही. जुन्या खाण्यातून नव्यावर जाताना आठ दिवस घेतले, रोज थोडं नवं वाढवत. पिशवी तीच असली तरी प्रत्येक वेळी मागची यादी वाचते, कारण कंपन्या कृती बदलतात आणि पुढचं चित्र तेच ठेवतात. नोव्हेंबरमध्ये एका बिस्किटाच्या पाकिटावर यादीच्या शेवटी चीज पावडर आली होती. ती बिस्किटं खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने आनंदाने खाल्ली.

त्या वर्षी जुलैत पाऊस लागला तसा उजवा कान परत थोडा लाल झाला. माझं काळीज धडधडलं. डॉक्टरांनी चिकटपट्टी लावून बघितलं, थोडं यीस्ट होतं. म्हणाल्या की खाण्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच कुत्र्यांना हवेतल्या, धुळीतल्या गोष्टींचाही थोडा त्रास असतो. पावसाळ्यात शाम्पू वाढवा, कान कोरडे ठेवा. जुलैच्या पानावर सगळ्यात मोठा आकडा तीन आहे. पंजांमधले केस पांढरे झालेत, फक्त डाव्या पंजाच्या दोन बोटांमध्ये थोडा तांबूस रंग राहिलाय. लेक दर रविवारी खिडकीजवळ नेऊन तो बघते.